एका वावराचा एकच नमुना

मी आयुष्यात वाइनचा थेंब चाखलेला नाही. तरीही इटलीतल्या एका नामांकित टेकडीची लाल वाइन आज जेवढी बाटलीत भरली जाते, त्यातल्या चार ओळींच्या द्राक्षांना माझा हात लागलाय, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडं बघतो, मग मी सौदीत राहते हे त्याला आठवतं आणि तो हसतो. हसू देत. पुढचं सांगितलं की हसायचा थांबतो.

मी नाशिक जिल्ह्यातली, द्राक्षाच्या गावची. वडिलांचं सव्वा एकर होतं, ते सगळं चुनखडीचं. चुनखडी म्हणजे काय हे द्राक्षवाल्याला विचारून बघा. पानं पिवळी पडतात, वेल खुंटतो, खतं घालून घालून माणूस मेटाकुटीला येतो. भावकीत वाटण्या झाल्या तेव्हा काळी जमीन थोरल्या चुलत्यांकडं गेली आणि ही पांढरी आमच्या गळ्यात पडली. वडील कुणाला काही बोलले नाहीत, पण पाहुणा आला की त्याला त्या टोकाला नेत नसत. त्या रागापोटीच मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि तालुक्याच्या माती परीक्षण केंद्रात बारा वर्षं लोकांची माती तपासली.

बारा वर्षांत एक नियम हाडात मुरला. एका वावराचा एकच नमुना. शेतकऱ्यानं वावरात पाच-सहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, सगळी माती एका गोणपाटावर ओतायची, खडे-मुळं काढायची आणि चांगली कालवायची. मग ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे परत चार. असं करत अर्धा किलो राहिली की ती त्या वावराची माती. कुणी भाबडा सहा पिशव्या घेऊन आला तर आम्ही त्याला दटावायचो, बाबा, वावर एक ना, मग हा पसारा कशाला मांडलास. आणि त्याच्यासमोर सहाही पिशव्या एकत्र ओतायचो.

नवरा सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठात एसीच्या चिलर प्लांटवर आहे. लग्नानंतर बरीच वर्षं तो तिकडं आणि मी इकडं, शेवटी माझाही इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, झाला आणि मी नोकरी सोडून आले. दोन वर्षं घरात बसले. समोर तांबडा समुद्र, मागं वाळवंट, आणि मी आपली दिवसातून तीनदा ओटा पुसतेय. चिडचिड इतकी वाढली की नवरा एकदा आवारातल्या माती-प्रयोगशाळेत जाऊन म्हणाला, हिला काहीतरी माती द्या, नाहीतर ही माझी माती करील. हे त्यानं हिंदीत सांगितलं असणार आणि समोरच्याला काही कळलं नसणार, पण मला टेक्निशियनची जागा मिळाली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख एक इटालियन बाई. साठीला आलेल्या, उंच, केस पांढरेशुभ्र, लग्न केलेलं नाही. मी त्यांना मॅडम म्हणायची. वाळवंटातल्या मातीत पाणी कसं धरून ठेवायचं यावर त्यांचं काम होतं. बोलायच्या कमी, पण मातीचा नमुना आला की आधी चिमूटभर जिभेला लावायच्या. माझे वडील हेच करायचे. तेवढ्यावरून मला त्या आवडल्या.

ऑगस्ट संपताना त्या मला म्हणाल्या, "मी चार आठवडे घरी जातेय. तिकडून परवानगीच्या कागदांसकट सहा पिशव्या येतील. तूच तपास, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. मी त्यांच्याबद्दल काही सांगणार नाही, तू विचारू नकोस. तुझ्या पद्धतीनं कर."

तुझ्या पद्धतीनं कर, असं मला सौदीत आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं. मी हरखले.

पिशव्या आल्या. जाड कापडाच्या, प्रत्येकीवर एकच नाव, त्यांच्या भाषेत कुठल्यातरी जागेचं. नावाखाली आकडे : सहापैकी एक, सहापैकी दोन, असं सहापैकी सहापर्यंत. मी म्हटलं, एकाच वावराची माती, विमानात वजन नको म्हणून सहा जागी भरली. मामाच्या घरून सहा पेट्या आंबे यावेत तसे आकडे घातलेत. मॅडम एवढ्या शिकलेल्या, पण शेवटी यांनाही पसाराच मांडायची सवय.

मग मी माझ्या पद्धतीनं केलं. प्रत्येक पिशवी वेगळी चाळली, कारण चाळणीत एका वेळी एकच मावते. खडे बाजूला काढले. आणि खाली पडलेली सहाही पिशव्यांची माती एका मोठ्या ट्रेमध्ये ओतून अशी कालवली की काय सांगू. चार भाग, समोरासमोरचे दोन कचऱ्यात, परत चार भाग. शेवटी अर्धा किलो उरली. राखाडी, निळसर झाक असलेली, बोटांना मऊ लागणारी माती. ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसून फेस आला. मी कपाळाला हात लावला. चुनखडी. आमच्यापेक्षा वाईट चुनखडी. पिशव्या मॅडमच्या घरून आल्या म्हणजे हे त्यांच्याच घरचं वावर, हे मी एव्हाना ओळखलं होतं, आणि मला त्यांची खरंच दया आली.

अहवाल मनापासून लिहिला. वर लिहिलं, एकूण नमुने : एक. खाली सगळे आकडे. आणि शेवटी, तालुक्याला असताना लिहायचे तसा शेरा : चुन्याचं प्रमाण फार, जमीन द्राक्षासाठी अयोग्य, शेणखत आणि गंधक घालावं, शक्यतो दुसरं पीक घ्यावं.

खड्यांचं काय केलं तेही सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्या खड्यांवर आहे. प्रयोगशाळेत खडे फेकून देतात. पण माझ्या बाल्कनीत सहा कुंड्या रिकाम्या पडल्या होत्या, आणि कुंडीच्या तळाला खडे हवेत म्हणून मी महिनाभर आवारात काहीतरी शोधत होते. फुकट मिळालेले खडे टाकवतील तर मी आमच्या आईची मुलगी कसली. ज्या पिशवीतले खडे त्याच पिशवीत परत भरले आणि घरी आणले. पहिल्या पिशवीतले पहिल्या कुंडीत, असे सहाही कुंड्यांच्या तळाशी घातले, वर बाजारची माती. फरशीला डाग पडू नयेत म्हणून प्रत्येक कुंडीखाली तिचीच पिशवी घडी करून अंथरली. कढीपत्ता, पुदिना, मिरची, मोगरा, गवती चहा आणि शेवटच्या कुंडीत तुळस. कढीपत्त्याचं रोप खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभींनी दिलं होतं.

सप्टेंबर सरता सरता मॅडम परत आल्या. रविवारी सकाळी मी अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. त्या शेवटून वाचतात. शेवटचा शेरा वाचला आणि त्या हसायला लागल्या. मी त्यांना कधी असं हसताना पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी आलं. "द्राक्षासाठी अयोग्य," त्या परत परत म्हणाल्या. "दुसरं पीक घ्यावं. हे मी माझ्या चुलतभावाला दाखवणार." मग पान उलटलं आणि विचारलं, "बाकीचे पाच कुठं आहेत?"

"बाकीचे कुठले?"

"सहा पिशव्या होत्या."

"सगळ्या मिळून एक केला ना मी," मी म्हटलं. "एका वावराचा एकच नमुना."

त्या हसायच्या थांबल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी अहवाल मिटला आणि समोरची खुर्ची माझ्याकडं सरकवली. मग म्हणाल्या, बस.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. इटलीच्या वायव्येला डोंगराळ मुलूख आहे, तिथं त्यांचं गाव. द्राक्षाची जात एकच, पण वाइन टेकडीगणिक वेगळी. एकेका टेकडीची वाइन वेगळी ठेवतात, दुसऱ्या टेकडीचा मणीसुद्धा तिच्यात पडू देत नाहीत, आणि बाटलीवर त्या टेकडीचं नाव छापतात. जुनी माणसं हिवाळ्यात बघत, बर्फ आधी कुठं वितळतो. जिथं आधी वितळतो तिथं ऊन जास्त, तिथं वेल लावायचा. मॅडमच्या घराण्याची टेकडी अशी. माती एके काळच्या समुद्राच्या तळाची, निळसर राखाडी, चुन्यानं भरलेली.

"चुन्यानं?" मी विचारलं.

"चुन्यामुळंच तर ती वाइन तशी होते," त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचं ते टोक आलं. पण तेव्हा त्याचा विचार करायची सोय नव्हती. वाइन कशी असते तेही त्यांनी सांगितलं. रंग गडद नाही, कोकम सरबतासारखा, आरपार उजेड दिसेल असा. पहिल्या वर्षांत प्यायलात तर तोंड आवळून येतं, दहा-बारा वर्षं दम धरलात तर मऊ. वास गुलाबाचा आणि त्यामागून डांबराचा. गुलाब मला समजला. डांबराच्या वासाला माणसं एवढे पैसे कशाला मोजतात ते अजून समजलेलं नाही.

आणि भांडण म्हणाल तर अगदी आपल्या भावकीतलं. टेकडी आजोबांची. वरचा उतार चुलत्याकडं गेला, मॅडमच्या वडिलांना पायथ्याच्या, वेलींच्या चार ओळी मिळाल्या. पलीकडं ओढा. वडील जन्मभर म्हणत आले, ही माती टेकडीचीच आहे. चुलता म्हणायचा, ओढ्याच्या गोट्यांवर साचलेला गाळ आहे, टेकडीचं नाव त्याला लावायचं नाही. तरी दोघं भाऊ जिवंत होते तोवर द्राक्षं एकाच पिंपात जात होती. दोघं गेले. आता चुलतभाऊ घराचा कर्ता, आणि त्यानं ठरवलं की या हंगामापासून पायथ्याची द्राक्षं साध्या वाइनीत घालायची. मॅडमचं तिथं दुसरं काहीच नाही. पोरीला पायथ्याचं मिळालं, तेही आता टेकडीचं नाही म्हणतात.

माती तपासून घ्यायला चुलतभाऊ कबूल झाला, पण अट घातली. तपासणारा त्यांच्या खोऱ्यातला नको, तिथं जो तो कुणाचा तरी सोयरा. वाइन पिणारा नको. आणि टेकडीबद्दल त्याला काही ठाऊक नको. मॅडम त्याला म्हणाल्या होत्या, असं माणूस माझ्याकडं आहे. ते माणूस म्हणजे मी. पाच पिशव्या वरच्या उताराच्या, सहावी पायथ्याची. दोघांनी एकमेकांसमोर हातभर खोल खणून भरल्या होत्या.

"परत मागवू ना माती," मी म्हटलं.

"परवानगी, विमान, तपासणी, एक महिना लागेल. द्राक्षं दहा-बारा दिवसांत तोडायची आहेत. एकदा साध्या पिंपात पडली की तोच पायंडा पडेल. मग पुढच्या वर्षी कोण ऐकणार."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, चूक माझी आहे, मीच तुला सांगितलं नाही. आणि नेहमीसारख्या कामाला लागल्या. पण दुपारी कँटीनमध्ये त्यांच्यासमोर डाळिंबाचा रस तसाच राहिला होता, आणि मी दुसऱ्या टेबलावर तोंड लपवून बसले होते. माझ्या वडिलांनी पांढऱ्या मातीबद्दल जन्मभर गप्प राहून जे सोसलं, ते या बाईच्या नशिबी मी आणलं. मला स्वतःचा मनस्वी संताप आला होता.

घरी आले तर दारात रत्नागिरीच्या भाभी उभ्या. त्या कढीपत्त्याची चौकशी करायला अधूनमधून यायच्या, दिलेल्या लेकीची करावी तशी. बाल्कनीत गेल्या आणि लगेच हाक मारली. "बाय, ह्याच्या मुळात पाणी तुंबलाय. कुजंल हा. तळाला खडे घातले नाय का तुम्ही?"

"घातले ना. ओंजळभर घातले."

"मंग पाणी का जात नाय?"

मी डाफरणारच होते, की आज माझ्या डोक्याला कुंडीचा ताप नको. पण भाभींनी तोवर कुंडी आडवी करून रोप मातीसकट अलगद बाहेर काढलंसुद्धा. तळाला खडे नव्हते. तळाला निळसर राखाडी चिखलाची वडी बसली होती, लोण्यासारखी गुळगुळीत, आणि तिनं कुंडीचं भोक गच्च बुजवलं होतं. मी भाभींकडं बघितलं. मग खाली अंथरलेल्या पिशवीवरचा आकडा बघितला. सहापैकी एक.

बारा वर्षं माती हाताळलेलं माणूस असल्यामुळं पुढचं समजायला मला वेळ लागला नाही. हे खडे दगड नव्हतेच. समुद्राच्या तळाचा चिखल दाबून दाबून झालेले ते. कोरडे असेपर्यंत कडक, पाणी मिळालं की विरघळून परत चिखल. असला खडा ओढ्यातून वाहत येऊच शकत नाही, वाटेतच संपेल. ओढ्याचा गोटा गोल असतो आणि शंभर वर्षं पाण्यात ठेवा, तसाच राहतो. म्हणजे माती कालवली म्हणून काही बिघडलं नव्हतं. सहावी कुंडी उलटी करायची. तळाला गोटे निघाले तर चुलतभाऊ खरा. चिखल निघाला तर मॅडमचा बाप खरा.

मॅडमना फोन केला. त्या पंधरा मिनिटांत आल्या, चप्पल घरातलीच पायात. तोवर नवराही आला होता. मी कढीपत्त्याखालची चिखलाची वडी दाखवली, सगळं सांगितलं. त्यांनी बोटानं तो चिखल उचलला, जिभेला लावला आणि डोळे मिटले. मग पुदिना उलटला, चिखल. मिरची, चिखल. मोगरा, चिखल. गवती चहा, चिखल. पाचही वरच्या उताराच्या. उरली सहावी. सहावीत तुळस होती, आणि समुद्रावर सूर्य बुडून गेला होता.

"आता नाही," मी म्हटलं. "दिवे लागल्यावर तुळशीला हात लावायचा नाही. उपटायचं तर सोडाच."

नवरा म्हणाला, "अगं, त्या बाईचं सगळं घर टांगणीला लागलंय."

"लागू दे. मी एकदा माझ्या पद्धतीनं करून घोळ घातला, आता काही वाकडं झालं तर आयुष्यभर तेच मनात राहील. सकाळी."

हे मॅडमना इंग्रजीत कसं सांगावं ते मला समजेना. जमेल तसं सांगितलं, की ही देवी आहे आणि ती आता झोपते. मला वाटलं चिडतील. त्या तुळशीकडं बघत म्हणाल्या, "एवढी वर्षं थांबलोय. सकाळी येते." भाभींनी त्यांना जाताना पाठीवर हात ठेवून हिंदीत सांगितलं की अल्ला खैर करेगा. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी भाभींचा हात दाबला.

सकाळी साडेपाचलाच दारात हजर. मी अंघोळ करून तुळशीला पाणी घातलं, हात जोडले, मनातल्या मनात माफी मागितली. कुंडी आडवी केली. नवऱ्यानं ती धरली, मी रोप अलगद ओढलं. तुळस बाहेर आली.

निळसर राखाडी चिखल. गुळगुळीत, गच्च, तोच. त्यात एक खडा अजून अर्धा शिल्लक होता. मॅडमनी तो दोन बोटांत धरून दाबला आणि त्याचे पापुद्रे सुटून तळहातावर पडले. गोल गोटा एकही नव्हता, मी चिखल बोटांनी चिवडून चिवडून बघितला. मॅडम फरशीवरच बसल्या. त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या, त्यात वडिलांना हाक मारल्यासारखा एक शब्द होता. मला तर इतका आनंद झाला की मी त्या चिखलाच्या हातांनीच नवऱ्याचा शर्ट धरला. त्याचा तो शर्ट अजून आहे, मी तो टाकू देत नाही.

पण माझ्या बाल्कनीतला चिखल चुलतभाऊ कशाला मानेल? नवरा म्हणाला, त्यालाच करायला सांगा की. एवढं साधं आम्हा दोघींना सुचलं नव्हतं. मॅडमनी त्याला फोन लावला. पायथ्याच्या चार ओळींतला हातभर खोलचा एक खडा घे, ओढ्यातला एक गोटा घे. दोन्ही चुलीजवळ नीट वाळव. शुक्रवारी दुपारी दोन पेले पाणी घेऊन बस.

शुक्रवारी आमच्याकडं सुट्टी. माझ्या ओट्यावर मॅडमचा फोन डब्याला टेकवून उभा केला, पलीकडं त्यांचं स्वयंपाकघर. चुलतभाऊ मी मनात धरला होता तसाच, रुंद, टक्कल, मिशीवाला, हाताची घडी घातलेला. आमच्या थोरल्या चुलत्यांचा भाऊ शोभला असता. त्यानं दोन पेल्यांत दोन खडे सोडले आणि आम्ही बघत बसलो. पंधरा मिनिटं काही नाही. त्यानं खांदे उडवले. मॅडमनी माझा हात धरून ठेवला होता.

मला बसवेना. मी आतल्या खोलीत जाऊन वडिलांना फोन लावला आणि उगाचच सगळं सांगून टाकलं, की जगातली भारी वाइन कुठं होते ठाऊक आहे का, चुनखडीत. आपल्यापेक्षा जास्त चुनखडीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माती वाईट नव्हती म्हण. आपल्याला तिचं पीक माहीत नव्हतं." आणि लगेच विचारलं, "त्या बाईचं काय झालं?" मी म्हटलं, अजून पेल्यात आहे.

तेवढ्यात नवऱ्यानं हाक मारली.

डाव्या पेल्यातल्या खड्यातून बुडबुडे निघत होते. एक कोपरा सुटला आणि खाली बसला. मग दुसरा. चुलतभावानं घडी सोडली आणि पेल्याजवळ वाकला. आमच्या डोळ्यांदेखत तो खडा बसकण मारल्यासारखा ढासळला आणि पाणी निळसर गढूळ झालं. उजव्या पेल्यातला गोटा स्वच्छ पाण्यात होता तसा पडून होता. चुलतभावानं चमचा घेतला, डावा पेला ढवळला, चमच्यानं तळ चाचपला. टणक काहीच लागलं नाही. मग त्यानं बोट बुडवून ते जिभेला लावलं. त्या घराण्यात सगळ्यांनाच ती खोड असावी.

तो उठून बाहेर गेला. रिकामी खुर्ची दिसत राहिली. नवरा म्हणाला, पळाला का काय. मी म्हटलं, गप बसा.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता. तो त्यानं फोनसमोर धरला आणि मी चाट पडले. माझा अहवाल. मॅडमनी तो त्याला पहिल्याच दिवशी पाठवून दिला होता, चुकीचा आहे हे सांगून. काहीच लपवायचं नाही असं त्यांचं ठरलेलं. त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, द्राक्षासाठी अयोग्य, आणि मिशीतल्या मिशीत हसला. ही ओळ तो चौकट करून तळघरात पिंपांच्या वर लावणार आहे, असं मॅडमनी सांगितलं. आज ती तिथं लागली आहे, मी फोटो बघितलाय. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्याचं बोट वर सरकलं आणि पहिल्या ओळीवर थांबलं. तो बोलायला लागला, मध्येच थांबला, परत बोलला. मॅडम ऐकत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, त्या पुसत नव्हत्या.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, आमचे बाप या ओळीसाठी चाळीस वर्षं भांडले. जिला आमची टेकडी ठाऊक नव्हती तिनं ती पहिल्याच दिवशी लिहिली."

चुलतभावानं खिशातून पेन काढलं. कागद टेबलावर सपाट केला आणि त्या ओळीखाली, एकूण नमुने : एक, याच्या बरोबर खाली, सावकाश पूर्ण नाव लिहून सही केली. मग कागद मॅडमना दिसेल असा धरला आणि त्यांच्यासाठी थोडी जागा सोडली आहे ते बोटानं दाखवलं.